सोमवारची बरणी

आमच्या घरामागे चाळीस पावलांवर डिझेलची टाकी आहे. दोन हजार लिटरची, चार लोखंडी पायांवर उभी, माणसाच्या डोक्याहून उंच. उंच अशासाठी की पंप लागत नाही. नळीचं तोंड उघडलं की डिझेल आपसूक खाली येतं. गावातला पेट्रोलपंप सान ओनोफ्रेला, बत्तीस किलोमीटरवर, आणि पाऊस झाला की मधल्या मातीच्या रस्त्यावरून बैलसुद्धा जात नाही. म्हणून आमच्या भागात घर तिथे टाकी.

टाकी आणली मी, पण सांभाळली नेलीदानं. नेलीदा माझी बायको. चव्वेचाळीस वर्षं आम्ही एकत्र काढली. ती गेली त्याला येत्या ऑगस्टात दोन वर्षं होतील.

लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा टाकी शेडच्या भिंतीला टेकवून ठेवलेली होती, आणि त्याच शेडमध्ये मी वेल्डिंग करायचो. तिनं पहिल्या आठवड्यातच सांगितलं, "ही इथं राहणार असेल तर मी माहेरी जाते. तुम्ही दोघं सुखानं पेटा." मी टाकी हलवली. निलगिरीच्या सावलीत ठेवू म्हटलं, तर म्हणाली, निलगिरीची वाळकी पानं म्हणजे काडेपेटीच. शेवटी मोकळ्यावर ठेवली, वर चार पत्र्यांचं छप्पर घातलं, पांढरा रंग दिला. भोवती तारेचं कुंपण आणि कुंपणाच्या फाटकाशी एक वीट. जो कोणी सिगारेट ओढत येईल त्यानं ती विटेवर ठेवायची आणि मग आत पाऊल टाकायचं. बिशप आले असते तरी तिनं त्यांना वीट दाखवली असती.

पेट्रोल वेगळं, लाल डब्यांत, पलीकडच्या खोपट्यात. दारूच्या काचेच्या बुधल्यात पेट्रोल भरून ठेवायची इकडे पुष्कळांना सवय आहे. आमच्याकडे ते चालत नसे. नेलीदाच्या मामानं तसं ठेवलं होतं आणि त्याच्या होणाऱ्या जावयानं पाहुणचार समजून एक घोट घेतला होता. मेला नाही. लग्नही झालं. पण त्या घरी तो पुन्हा कधी काही प्यायला नाही.

टाकीचं मुख्य काम मात्र सोमवारचं. टाकी सरळ उभी नाही, मुद्दाम दोन बोटं मागे कललेली आहे. पुढच्या बाजूला नळी आहे, ती तळापासून वीतभर वर. मागच्या बाजूला अगदी तळाशी एक छोटा नळ आहे. दर सोमवारी सकाळी, गाईंचं आटोपलं की नेलीदा एक काचेची बरणी घेऊन जायची. पीचच्या मुरंब्याची जुनी बरणी. तळाचा नळ उघडून ती भरायची आणि उजेडात धरायची. डिझेल वर राहतं, पाणी खाली बसतं, मधे रेघ दिसते. पाणी दिसलं तर ते येईनासं होईपर्यंत काढत राहायची. मग नळ बंद करून मागच्या पायावर खडूनं तारीख घालायची. तारखेपुढे किती बोटं पाणी निघालं तो आकडा. पाय तारखांनी भरत जायचा. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी ती ओल्या फडक्यानं तो पुसायची आणि वरून पुन्हा सुरू करायची.

"टाकीला घाम येतो," असं ती म्हणायची. हे तिला तिच्या वडिलांकडून आलं होतं.

"लोखंडाला कसला घाम, म्हातारे?" मी चिडवायचो.

"जेवढी रिकामी तेवढा जास्त. तुझ्या डोक्यासारखं."

गोष्ट खरी आहे. टाकी अर्धी रिकामी असली की वरची जागा हवेची. रात्री कडाक्याची थंडी पडते, दिवसा पत्रा तापतो आणि हवेतलं पाणी आतून भिंतींना धरतं. थेंब थेंब खाली उतरतो. म्हणून हिवाळ्याच्या आधी, इकडे तो जूनला लागतो, टाकी काठोकाठ भरून ठेवायची. आणि पाणी तळाशी राहिलं की नुसतं पाणी राहत नाही. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे काहीतरी वाढायला लागतं, काळं, बुळबुळीत, शेवाळासारखं. ते नळीत गेलं की संपलं.

ती गेली त्या वर्षी एप्रिलमध्ये डॉक्टरनं तिच्या पोटात काय आहे ते सांगितलं. जूनमध्ये आम्ही गहू पेरला. मी पेरला, ती खिडकीतून बघत होती. पेरणीत टाकी सहाशे लिटरवर आली. भरून घ्यायला हवी होती. टँकरवाल्याचा दोनदा फोन आला. मी म्हटलं, बघू पुढच्या आठवड्यात. घरात पुढचा आठवडा हा शब्दच कोणी वापरत नव्हतं, त्याला मात्र मी तो सांगितला.

सोमवार ती चुकवत नव्हती. माझा कोट घालून, काठी घेऊन, दव गोठलेल्या गवतातून जायची. मी म्हणायचो मी करतो. ती म्हणायची, तू रेघ नीट बघत नाहीस. शेवटची तारीख सतरा जुलैची. पुढे आकडा एक.

चोवीस तारखेला तिला उठता आलं नाही. दुपारी डोळे उघडून तिनं विचारलं, "बरणी काढलीस?"

"काढली," मी म्हणालो.

"किती?"

"एक बोट."

"बरं," ती म्हणाली.

मी बरणी काढलेली नव्हती. तिच्या उशाशीच बसून होतो. एकतीस तारखेलाही तिनं विचारलं आणि मी तेच सांगितलं. दोन दिवसांनी ती गेली.

त्यानंतर मी टाकीकडे गेलो नाही. आळस नव्हता. बाकी सगळी कामं केली. कुंपण दुरुस्त केलं, गाई विकल्या, कोंबड्या ठेवल्या. ट्रॅक्टरला लागेल तेवढं डिझेल गावातून वीस लिटरच्या डब्यांतून आणत होतो. बत्तीस किलोमीटर जायचं आणि यायचं, आणि घरामागे सहाशे लिटर पडून. आमची मुलगी मिर्ता बाहिया ब्लांकाला असते. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, हे काय चाललंय?" मी म्हटलं, गावात जाणं होतं तेवढंच.

तळाचा नळ मागच्या पायाशी आहे. नळ उघडायचा तर तिच्या तारखांसमोर बसावं लागतं. आणि पाणी काढलं की सतरा जुलैच्या खाली आपल्या हातानं तारीख घालावी लागते. चोवीस नाही, एकतीस नाही, एकदम दुसरीच. दर सोमवारी मी उद्या करू म्हणायचो. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर असे गेले.

डिसेंबरमध्ये गहू पिकला. ऐंशी हेक्टर. पीक चांगलं होतं. मी आजवर पेरलेल्या गव्हांत पहिल्या पाचांत बसेल असं. कापणीला बासिलिओ येतो. एकवीस वर्षं तोच येतो. उत्तरेकडून कापत कापत दक्षिणेला उतरतो. पुढे हार्वेस्टर, मागे राहायची चाकांवरची खोली, आणि त्याचा ड्रायव्हर. ड्रायव्हरला सगळे सुकड्या म्हणतात. त्याचं खरं नाव मला आजही माहीत नाही. इकडची रीत अशी की मशीन कापणाऱ्याचं आणि डिझेल शेतवाल्याचं. बासिलिओ सगळ्यांचं डिझेल घेतो, पण विश्वास कोणावर ठेवत नाही. त्याच्याकडे एक जुनी फेल्टची हॅट आहे. ती तो नरसाळ्यात बसवतो आणि डिझेल तिच्यातून गाळून मशीनमध्ये घेतो. डिझेल झिरपतं, पाणी आणि घाण हॅटमध्ये राहते. वेळ फार लागतो, पण तो ऐकत नाही. फक्त आमच्या घरी ती हॅट निघत नसे. पहिल्या वर्षी नेलीदानं त्याला बरणी आणि पायावरच्या तारखा दाखवल्या होत्या. तेव्हापासून तो चारचौघांत सांगायचा, "या जिल्ह्यात मी दोनच ठिकाणी हॅट काढून ठेवतो. चर्चमध्ये आणि दोन्या नेलीदाच्या टाकीपाशी." इकडे मानानं बाईला दोन्या आणि पुरुषाला दॉन म्हणतात.

टँकर मी बुधवारी मागवला. आलेल्या माणसानं शिडी लावली, झाकण उघडलं, आत डोकावलं आणि विचारलं, "तळ काढलाय का?"

मी म्हटलं, "ओत."

त्यानं बाराशे लिटर ओतलं. भरण्याआधी तळाचं पाणी काढायचं असतं आणि भरल्यावर टाकीला दोन दिवस हात लावायचा नसतो, म्हणजे ढवळलेलं खाली बसतं. हे मला माहीत होतं. बासिलिओ शनिवारी यायचा होता. मी स्वतःला सांगितलं, शुक्रवारी सकाळी नक्की काढू.

तो गुरुवारीच आला. शेजारच्यांची कापणी लवकर आटपली होती आणि रेडिओवर संध्याकाळी दक्षिणेकडून वादळ सांगितलं होतं, गारांसकट. सकाळी साडेनऊला त्याचं मशीन फाटकातून आत आलं. त्यानं उतरून मला मिठी मारली. नेलीदाच्या दफनाला त्याला येता आलं नव्हतं, तो तेव्हा सहाशे किलोमीटर वर होता.

"काय बोलू, दॉन आन्सेल्मो," तो म्हणाला.

"काही नको. येर्बाचा चहा घेतोस?"

"नंतर. आकाश बघा. दव उडालं की सुरू करतो. सहापर्यंत निदान साठ हेक्टर पाडतो."

तो टाकीकडे निघाला. फाटकाशी थांबून सिगारेट विटेवर ठेवली. ती वीट तिथेच आहे हे पाहून त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. सुकड्यानं मशीन टाकीशेजारी आणलं आणि सवयीनं हॅट आणि नरसाळं घेऊन खाली उतरला.

"ती ठेव परत," बासिलिओ म्हणाला. "कुठं आहोत ते तरी बघ."

"नाही, म्हटलं, आता त्या नाहीत तर…"

"त्या नसल्या तरी टाकी त्यांचीच आहे, गाढवा." मग माझ्याकडे वळून, नुसतं विचारायचं म्हणून, "बघितलीय ना टाकी, दॉन आन्सेल्मो?"

तेव्हा नाही म्हणायचं होतं. त्याच्या पिकअपवर स्वतःची अडीचशे लिटरची टाकी होती, रस्त्यावरच्या प्रवासासाठी. मी नाही म्हटलं असतं तर त्यानं ते अडीचशे मशीनमध्ये घेतले असते आणि दहाला कापणी सुरू झाली असती. हे सगळं मला तिथे उभं असतानाच समजत होतं. पण नाही म्हणायचं म्हणजे त्याला सांगायचं की चव्वेचाळीस वर्षं तिनं जे राखलं ते मी पाच महिन्यांत घालवलं.

"बघितलीय," मी म्हणालो.

सुकड्यानं नळी मशीनच्या टाकीत सोडली. डिझेल वाहायला लागलं. पाचशे लिटर जायला दहा-बारा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात बासिलिओ मला त्याच्या मशीनबद्दल सांगत होता. हे त्यानं मागच्या वर्षी घेतलेलं. जुन्या मशीनचं इंजिन पाणी प्यायलं तरी दोनदा खोकून चालायला लागायचं. याचं तसं नाही.

"याचे इंजेक्टर केसाएवढे बारीक," तो म्हणाला. "एक पेलाभर पाणी गेलं तर इंजिन गेलं. मग मी आणि सुकड्या विळे घेऊन येतो तुमच्याकडे."

"मी नाही येत," सुकड्या वरून म्हणाला. "माझी कंबर बघा."

"तुला कंबर आहे? कुठं?"

नळी बंद झाली. सुकड्यानं ती बाहेर काढली. तिच्या तोंडाला काहीतरी लोंबत होतं. चहातल्या ओल्या येर्बाच्या पानासारखं, काळं, बोटभर लांब. त्यानं न बघता नळी झटकली, ते त्याच्या बुटावर पडलं. वास आला. डिझेलचा नाही, आंबल्यासारखा.

बासिलिओ शिडी चढत होता. चार पायऱ्या झाल्या होत्या. किल्ली त्याच्या हातात होती.

"बासिलिओ," मी म्हणालो, "चालू करू नकोस."

तो थांबला. "काय?"

"टाकी बघितलेली नाही. जुलैपासून तळ काढलेला नाही. हिवाळाभर ती रिकामीसारखी होती आणि काल वरून भरली. मी खोटं बोललो."

तो शिडीवर तसाच उभा राहिला. मग एकेक पायरी करत खाली आला. सुकड्यानं आपल्या बुटाकडे बघितलं आणि पाय गवतावर घासला.

"बरणी कुठंय?" बासिलिओनं विचारलं.

बरणी स्वयंपाकघराच्या खिडकीत होती, सतरा जुलैला तिनं धुऊन उपडी घातली होती तशी. मी ती घेऊन आलो. बासिलिओ हात पुढे करून उभा होता, पण मी ती दिली नाही. मागच्या पायाशी मीच बसलो. तळाचा नळ घट्ट झाला होता, पान्यानं उघडावा लागला. बरणी भरली आणि उजेडात धरली. रेघ बघायची गरजच नव्हती. वर चार बोटं गढूळ डिझेल, खाली पाणी, आणि मधे ते काळं, लेसच्या तुकड्यासारखं तरंगत होतं. दुसरी बरणी नुसतं पाणी. तिसरी पाणी. बारा बरण्या मोजल्या, मग मोजणं सोडलं.

बासिलिओ माझ्या डोक्यावरून बघत होता. मग तो जे बोलला ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या आईपर्यंत गेला आणि परत आला. शेवटी म्हणाला, "एकवीस वर्षं! आन्सेल्मो, एकवीस वर्षं मी या टाकीचं डिझेल डोळे मिटून घेतलं. आणि तू मला तोंडावर सांगतोस, बघितलीय?"

"हो."

"का?"

"तू तिचं नाव घेतलंस म्हणून."

"तिचं नाव! नेलीदानं ही बरणी बघितली असती ना, तर तुला हिच्यात बुडवला असता. आधी डोकं."

ती गेल्यापासून तिच्याबद्दल माझ्यासमोर कोणी असं बोललं नव्हतं. सगळे आवाज खाली करायचे, बिचारी म्हणायचे. मला हसू फुटलं. हसता हसता ते दुसरीकडे वळलं आणि मी हातात बरणी धरून तिथेच बसून राहिलो. बासिलिओनं सुकड्याला हाक मारली आणि दोघं मशीनच्या मागे गेले. बराच वेळ मला त्यांच्या पान्यांचे आवाज येत होते.

मशीनच्या टाकीखालचा बूच काढून पाचशे लिटर रिकामं करायचं होतं. माझ्याकडे दोनशे लिटरची तीन पिंपं होती. ती आधी स्वच्छ करावी लागली. बूच उघडल्यावर धार बारीक. डिझेल संपल्यावर टाकीच्या तळाशी चिकटलेलं शेवाळ सुकड्यानं हात आत घालून फडक्यानं पुसलं. त्याचा हात बारीक म्हणून त्यालाच घालावा लागला.

"बघा," तो म्हणाला, "कुठंतरी उपयोग झाला."

"बोलू नको. पूस."

मग बूच बसवताना त्याचं वॉशर फाटलं. ते मी चामड्याच्या जुन्या लगामातून कापून दिलं. पिकअपमधलं अडीचशे लिटर हॅटमधून गाळून आत घेतलं. इंजिन सुरू झालं तेव्हा दोन वाजून गेले होते. आम्ही तिघंही इंजिनाशेजारी उभे राहून ऐकत होतो. आवाज स्वच्छ होता. बासिलिओनं मान हलवली आणि वर चढला.

मी ट्रॅक्टरला धान्याची गाडी जोडून मशीनच्या बाजूनं चालवत होतो. दाणा जड होता. गाडी भरली की तिच्यात हात घालावासा वाटायचा. दक्षिणेला आकाश आधी निळं होतं, मग शिशासारखं झालं. सव्वापाचला वारा पडला. पावणेसहाला तो उलटा फिरून थंड आला आणि बासिलिओनं मशीन शेडकडे वळवलं. अठ्ठावीस हेक्टर झालं होतं.

आम्ही शेडच्या दारात उभे राहून बघितलं. गारा बावीस मिनिटं पडत होत्या. अक्रोडाएवढ्या. पत्र्याच्या आवाजात बोलणं शक्य नव्हतं. थांबल्यावर बावन्न हेक्टर गहू जमिनीवर सपाट झाला होता, कणसं मातीत. नुसता कापलेला भाग तेवढा जसाच्या तसा दिसत होता.

बासिलिओ एका पालथ्या टोपलीवर बसला. मी येर्बाचा चहा केला. एकच कप, चोखायची एकच नळी, तिघांत फिरतो. पहिला नेहमी करणारा पितो. मग मी भरून त्याच्याकडे दिला. त्यानं घेतला. तो घेईल की नाही याची मला खात्री नव्हती.

"सकाळी सांगितलं असतंस तर," तो म्हणाला.

"हो. साठ हेक्टर."

"सुकड्या तर हॅट धरून उभा होता."

"हो."

"म्हणजे या घरात सगळ्यात जास्त अक्कल सुकड्याला."

"लिहून द्या," सुकड्या म्हणाला. "माझ्या आईला दाखवतो."

बासिलिओनं चहा संपवला, कप परत दिला. "आणि मी शिडीवर असताना बोललास ते किल्ली फिरवल्यावर बोलला असतास तर मी आज तुझ्या शेडमध्ये बसलो नसतो. मशीन गेलं असतं, धंदा गेला असता." त्यानं तोंड पुसलं. "तेवढं बोललास."

दुसऱ्या दिवशी तो पुढच्या शेतावर गेला. जाताना म्हणाला, "पुढच्या वर्षी हॅट निघणार. वाईट वाटून घेऊ नका." मी म्हटलं, नाही वाटणार.

त्या आठवड्यात मी टाकी पूर्ण रिकामी केली. शेजाऱ्यांकडून आणखी पिंपं आणून डिझेल त्यांत भरून ठेवलं, घाण खाली बसू दिली, वरचं वरचं फेल्टच्या तुकड्यातून गाळून घेतलं. टाकीचं झाकण आणि दोन्ही नळ चार दिवस उघडे ठेवले. वास गेल्यावर लांब दांड्याच्या ब्रशनं आतून घासली. तळाशी जे निघालं ते दोन बादल्या होतं. मग टाकी पुन्हा बसवली, दोन बोटं मागे कलती, गवंड्याच्या पाणसळीनं मोजून. नेलीदा नुसत्या डोळ्यानं बसवायची. मला पाणसळ लागते.

जानेवारीचा पहिला सोमवार आला. फडकं ओलं करून मी पायापाशी गेलो. वर जानेवारीपासून खाली सतरा जुलैपर्यंत तिच्या तारखा होत्या. तिचा सात अंक मधे आडवी रेघ मारलेला. शेवटच्या दोन-तीन तारखा तिरक्या गेल्या होत्या. त्यांच्याखाली मोकळी जागा होती. मी तिथे बसलो आणि मोठ्यानं सांगितलं की चोवीसला काढली नव्हती आणि एकतीसलाही नव्हती. कोंबड्यांशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. मग फडकं पिळून खिशात घातलं आणि बरणी भरली. पाणी अर्धं बोट. तारीख मी दुसऱ्या पायावर घातली. टाकीला चार पाय आहेत.

मेमध्ये टँकर बोलावून काठोकाठ भरून घेतली. आधी तळ काढला. टँकरवाल्यानं विचारलं तेव्हा त्याला बरणी दाखवली. त्याला बघायची नव्हती, तरी दाखवली.

गेल्या डिसेंबरात बासिलिओ वेळेवर आला, दहा तारखेला. सिगारेट विटेवर ठेवली. आत येऊन आधी मागच्या पायापाशी वाकला, तिच्या तारखांवरून नजर फिरवली. मग दुसऱ्या पायाकडे गेला आणि बोट लावून एकेक सोमवार मोजत खाली आला.

"सप्टेंबरात एक सुटलाय."

"मिर्ताकडे गेलो होतो. तिला बाळ झालं."

"मग मंगळवारी करायचा."

"मंगळवारी केला. खाली बघ, मंगळवार लिहिलंय."

त्यानं बघितलं. लिहिलं होतं. सुकड्या हॅट आणि नरसाळं घेऊन शिडीपाशी उभा होता. तो माझ्याकडे बघायचं टाळत होता.

"घाल," मीच म्हणालो.

पाचशे लिटर हॅटमधून जायला दीड तास लागला. ऊन होतं, आकाशात काही नव्हतं, घाई नव्हती. मी दोनदा येर्बाचा चहा केला. सगळं गेल्यावर बासिलिओनं हॅट नरसाळ्यातून काढली, उलटी केली, आतल्या कडेनं बोट फिरवलं आणि बोट उजेडात धरून बघितलं. मग बोट पँटला पुसलं, शिडी चढला आणि किल्ली फिरवली.